उजवी गति, डावी गति : एका ओळींतील दोन लिपींविषयीं

या त्रैमासिकाच्या मागील एका अंकांत आम्हीं एका फारसी-मराठी द्विभाषी खुर्दखताचा उतारा प्रसिद्ध केला होता. कागद लहान, पाटीलकीच्या वादांतला, आणि वरवर पाहतां फारसा महत्त्वाचा नव्हे. उताऱ्याखालीं त्याचा ठाव ‘रुमाल १२, कागद ३५’ असा छापलेला होता. तो वाचून एका विद्वान स्नेह्यांनीं मूळ कागद पाहण्याच्या इच्छेनें दप्तरखाना गांठला. तों बाराव्या रुमालांत एकंदर कागदच अठ्ठावीस! परत आल्यावर त्यांनीं आम्हांस पत्र लिहिलें. पत्र सौजन्यपूर्ण होतें. परंतु हा कागद आपण स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिला आहे काय, असा एक प्रश्न त्यांत होता. ज्याचें सारें आयुष्य जुने कागद चाळण्यांत गेलें त्याला यापेक्षां कठोर प्रश्न विचारतां येत नाहीं. बनावट सनदा व बनावट शकावल्या यांचा उपद्रव ज्यांनीं सोसला आहे, त्यांस तो विचारण्याचा अधिकार आहे, हेंही आम्ही जाणतों.

कागद आम्हीं पाहिला होता. आमच्या हस्तलिखित टिपणवहींत त्याची नक्कल आहे आणि तिच्या माथ्यावर ‘रुमाल ३५, कागद १२’ असें स्वच्छ लिहिलेलें आहे. मग छापतांना हे दोन आंकडे उलटे कसे झाले? प्रथम आम्हीं दोष दिला तो आमच्या यादी टंकलिखित करणाऱ्या विद्यार्थ्याला. त्यानें संगणकावरील मूळ यादी उघडून दाखविली, आणि कळ दाबीत एकेक अक्षर पुढें जाऊन सिद्ध केलें कीं, त्यानें आधीं पस्तीस व मग बाराच लिहिले आहेत. यंत्राच्या पोटांत ३५-१२ आणि पडद्यावर व कागदावर १२-३५! हा चमत्कार उलगडतां उलगडतां आम्ही ज्या विषयांत शिरलों, तो आमच्यासारख्या जुन्या कागदपत्रांच्या संग्राहकांस अगदीं परका नाहीं, असें दिसून आलें. म्हणून हा लेख.

प्रश्न मुळांत असा आहे. नागरी, मोडी, इंग्रजी या लिपि डावीकडून उजवीकडे जातात. फारसी व अरबी उजवीकडून डावीकडे येतात. दोन निराळ्या पानांवर त्या असल्या तर कसलीच अडचण नाहीं. एकाच ओळींत आल्या म्हणजे मात्र ओळ कोणाच्या गतीनें चालावी, व वाचणाऱ्याच्या दृष्टीनें कोठून कोठें उडी घ्यावी, हें कोणीतरी ठरवावें लागतें. हातानें लिहिणारा लेखक हें न बोलतां ठरवितो. यंत्राला तें शिकवावें लागतें.

आपल्या देशांत हा प्रश्न अशोकाइतका जुना आहे. कर्नाटकांतील चित्रदुर्ग जिल्ह्यांत ब्रह्मगिरि, सिद्दापूर व जटिंगरामेश्वर या तीन ठिकाणीं अशोकाचे लघुशिलालेख आहेत. ते १८९२ सालीं लुईस राइस यांनीं उजेडांत आणले. लेख ब्राह्मी लिपींत आहेत. शेवटीं लेखकाची सही आहे : चपडानें लिहिलें, लिपिकरानें. यांपैकीं ‘चपडानें लिहिलें’ एवढा भाग ब्राह्मींत, डावीकडून उजवीकडे. आणि ‘लिपिकरेण’ हा शब्द एकदम खरोष्ठींत, उजवीकडून डावीकडे! ही अक्षरें खरोष्ठी आहेत हें प्रथम ब्यूलर यांच्या लक्षांत आलें. खरोष्ठी ही वायव्य सरहद्दीची लिपि. शाहबाजगढी व मानसेहरा येथील अशोकलेख तींत आहेत. दक्षिणेंतल्या या रानांत ती वाचणारा कोण असणार? म्हणून चपड हा गांधाराकडून आलेला किंवा तिकडे नोकरी केलेला असावा, असा तर्क विद्वान करितात. आम्हांस त्यांत एका लेखकाची आपल्या विद्येविषयींची हौस दिसते. शिपायानें पदक लावावें, तसा त्यानें तो एक शब्द लावला आहे.

आमच्या विषयाच्या दृष्टीनें मात्र वाचकाची दृष्टि त्या ओळीवर कशी फिरते हें पाहण्यासारखें आहे. ब्राह्मीचा भाग संपेपर्यंत ती उजवीकडे सरळ चालते. तेथून पुढल्या पांच खरोष्ठी अक्षरांना ओलांडून ती थेट त्यांच्या उजव्या टोकाला जाते, आणि लि, पि, क, रे, ण असें म्हणत माघारी येते. शब्दाचें शेवटचें ण हें अक्षर ब्राह्मीच्या शेवटच्या अक्षराला चिकटून बसतें. म्हणजे दगडावरील जागांचा क्रम निराळा आणि उच्चाराचा क्रम निराळा. चपडानें दोहोंचा मेळ डोक्यांत घातला असेल. कारण छिन्नी लावण्यापूर्वीं पांच अक्षरांना जागा किती लागेल याचा अंदाज त्याला करावाच लागला.

महाराष्ट्रांतही याचें उत्तम उदाहरण आहे. नाशिक जिल्ह्यांत जोगळटेंभी येथें १९०६ सालीं क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा जो प्रचंड सांठा सांपडला, त्यांत तेरा हजारांहून अधिक नाणीं होतीं. नहपानाच्या नाण्यावर एका बाजूस ग्रीक अक्षरें आणि दुसऱ्या बाजूस ब्राह्मी व खरोष्ठी अशा दोन्ही लिपींत त्याचें नांव आहे. नाण्याच्या गोल कांठावर दोन विरुद्ध गतींच्या लिपि बसवितांना अक्षरांचे माथे कडेकडे ठेवले, तर एक घड्याळाच्या कांट्याप्रमाणें फिरते व दुसरी उलट. त्यांतील बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें पुनः आपला छाप मारला. अशा नाण्यावर अर्धवट पुसलेलें अक्षर कोणत्या गतीचें, हें ठरवितांना नवशिक्याचा किती गोंधळ होतो, हें नाणेसंग्राहकांस सांगणें नको.

येथें एक धोक्याची सूचना. उलटी ओळ दिसली म्हणजे ती उलट्या लिपीचीच, असें मानूं नये. एरण येथील नाण्यावर ब्राह्मी अक्षरें उजवीकडून डावीकडे आहेत. ब्राह्मी मूळची सेमेटिक लिपींपासून निघाली या मताला ब्यूलर यांनीं त्याचा आधार घेतला. गौरीशंकर ओझा यांनीं त्याला जें उत्तर दिलें तें आम्हांस अधिक पटतें : ठसा कोरणाऱ्यानें ठशावर अक्षरें उलटीं कोरावयाचीं, तीं सरळ कोरलीं, म्हणून नाण्यावर तीं उलटीं उमटलीं. शिक्के कोरणारे आजही असे चुकतात. आंध्रांतील येर्रगुडीच्या लघुशिलालेखांत कांहीं ओळी उजवीकडून डावीकडे आहेत, ती गोष्ट निराळी. तेथें ठसा नाहीं, दगड आहे, आणि त्याचें समाधान इतकें सोपें नाहीं.

आतां आपल्या दप्तरांकडे वळूं. पहिल्या इब्राहीम आदिलशहाच्या कारकीर्दींत (१५३४–१५५८) सरकारी हिशेब फारसीऐवजीं हिंदवींत ठेवण्यांत येऊं लागले, असें फिरिश्ता सांगतो. त्या सुमारापासून पुढें दक्षिणेंतील शाह्यांचे द्विभाषी कागद आपणांस भेटतात : वर फारसी मजकूर, खालीं तोच मोडींत मराठी. हे कागद चाळतांना आमच्या मनांत एक गोष्ट भरली. दोन्ही लिपींचे लेखक शक्य तोंवर एका ओळींत येत नाहींत. फारसीनविसानें आपला मजकूर उजव्या कडेपासून लिहावा, चिटणिसानें आपला डाव्या कडेपासून, आणि मधें कोरी जागा असावी, अशी ती शेजारधर्माची व्यवस्था आहे. फारसींत गांवाचें मराठी नांव आलें तर तें फारसी अक्षरांत, आणि मोडींत फारसी शब्द आला तर तो मोडी अक्षरांत. संस्कृत पंडितांनींही हीच वाट धरली. अकबराच्या वेळच्या कृष्णदासाचा ‘पारसीप्रकाश’ घ्या किंवा शिवकालीन ‘राजव्यवहारकोश’ घ्या. यावनी शब्द शेंकड्यांनीं आहेत, पण लिहिलेले आपल्याच लिपींत. भाषा मिसळली, गति मिसळली नाहीं.

परंतु एक वस्तु अशी आहे कीं तिनें या व्यवस्थेला प्रथमपासूनच सुरुंग लाविला. ती म्हणजे अंक. आपले दशमानपद्धतीचे अंक आठव्या-नवव्या शतकांत अरबांकडे गेले, ते आपली मांडणी बरोबर घेऊन गेले. हजारांचें स्थान डावीकडे, एकंचें उजवीकडे. अक्षरें उजवीकडून येत असतां अंक मात्र आपल्यासारखेच उभे राहिले. म्हणून फारसी लेखांतील प्रत्येक सालाशीं ओळ क्षणभर उलटी होते. अरबी संख्यावाचनांत पूर्वीं एकं आधीं, मग दहं, शतं व सहस्र असा क्रम असे. त्या वाचकाला ही उलट जाणवतही नसे, कारण उजवीकडून येणाऱ्या दृष्टीला एकंचा अंकच आधीं भेटतो. तोच क्रम आपल्या दप्तरांतील सुहूर सनांत टिकून राहिला आहे. ‘अर्बा सलासीन व अलफ’ म्हणजे चार, तीस आणि हजार. सन १०३४, इसवी १६३३-३४. मोडी लेखक हे शब्द डावीकडून उजवीकडे लिहितो आणि वाचणारा ते अंकांत मांडतांना उजवीकडून डावीकडे भरतो.

संस्कृत शिकलेल्यांस हें नवें नाहीं. अंकांची गति डावीकडे, हा भूतसंख्यांचा संकेत प्रसिद्धच आहे. वेद, राम, इषु, भू असें म्हटलें म्हणजे चार, तीन, पांच, एक. आणि शक १५३४. शाळेंत असतां आम्ही हें उदाहरण घालीत असूं, तेव्हां दरवर्षीं चार-दोन मुलें तरी ४३५१ लिहीत. त्या मुलांना आम्हीं दिलेलीं शून्यें हा प्रसंग घडल्यापासून आम्हांस वारंवार आठवतात.

खरोष्ठीचे अंक मात्र या नियमाला अपवाद. ते दशमानाचे नसून बेरजेचे. एक, चार, दहा, वीस, शंभर यांचीं चिन्हें मोठ्यांतून लहानाकडे अक्षरांप्रमाणेंच उजवीकडून मांडीत जावयाचें. तेथें ओळ कोठेंही उलटत नाहीं.

खिळ्यांच्या छापखान्यांत हा भार जुळाऱ्याच्या हातावर होता, आणि ओळ चुकली तर तें मुद्रित तपासतांना दिसे. संगणकावर भार दुसरीकडे गेला. १९८४ सालीं जोसेफ बेकर यांनीं ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकांत बहुभाषिक लेखनयंत्रांविषयीं लिहितांना जें तत्त्व विशद केलें, तेंच पुढें रूढ झालें : अक्षरें सांठवावयाचीं तीं वाचनाच्या क्रमानें, कोणतें अक्षर कोठें दिसावें तें दाखवितेवेळीं ठरवावयाचें. त्यापूर्वीं कित्येक ठिकाणीं दिसण्याच्या क्रमानें सांठविण्याची चाल होती. फारसी वाक्य शेवटून सुरुवातीकडे टंकलिखित करावयाचें, म्हणजे दिसावयास बरोबर. परंतु ओळीची रुंदी बदलली कीं वाक्याचें शेपूट वरच्या ओळींत आणि डोकें खालच्या ओळींत!

१९९१ पासून प्रसिद्ध होत आलेल्या युनिकोड या वर्णसंकेताच्या नवव्या परिशिष्टांत यासाठीं नियम घालून दिले आहेत. प्रत्येक वर्णाला एक गतिधर्म असतो. नागरी अक्षर डाव्या गतीचें, म्हणजे डावीकडून निघणारें. फारसी अक्षर उजव्या गतीचें. विराम, कंस व मोकळी जागा यांना स्वतःची गति नाहीं, तीं शेजाऱ्यांची गति घेतात. परिच्छेदाची एक मूळ गति ठरते. मग प्रत्येक अक्षराला एक पातळी मिळते : सम पातळीचें डावीकडून, विषम पातळीचें उजवीकडून. नंतर परिच्छेदाच्या ओळी पाडावयाच्या, आणि ओळी पाडून झाल्यावरच प्रत्येक ओळींत सर्वांत वरच्या पातळीपासून खालीं येत विषम पातळीपर्यंतचे गट उलटावयाचे. हा क्रम चुकला कीं शेपूट-डोक्याचा वर सांगितलेला घोटाळा पुनः होतो. पातळ्या ठरविण्याचें काम फ्रीबिडीसारखे स्वतंत्र संच करितात आणि अक्षरांना वळण देण्याचें काम हार्फबझ नांवाचा दुसरा संच करितो. हें दुसरें नांव इंग्रजी वाटतें, पण आहे तें फारसी : हर्फ म्हणजे अक्षर, बाझ म्हणजे उघडें. कर्ते बेहदाद इस्फहबोद हे इराणी आहेत. खुर्दखतें वाचणाऱ्यांस हे दोन्ही शब्द घरचेच.

चपडाची ओळही आतां या यंत्रास लिहितां येते. खरोष्ठी २००५ सालीं व ब्राह्मी २०१० सालीं युनिकोडांत आली. (मोडी यावयास २०१४ साल उजाडलें, उशीर झाला, पण आली.) चपडाची सही उच्चाराच्या क्रमानें लिहिली कीं नियमांप्रमाणें ती पडद्यावर तशीच दिसते, जशी त्यानें दगडावर कोरली आहे.

अंकांचे नियम मात्र सूक्ष्म आहेत, आणि आमची चूक तेथें आहे. इंग्रजी अंकांच्या आधीं ओळींत जें गति असलेलें अक्षर येतें, त्याकडे यंत्र पाहतें. तें अक्षर नागरी किंवा रोमन असेल, तर अंक-आडवी रेघ-अंक हा सगळा एकच डाव्या गतीचा गट होतो. तें फारसी अक्षर असेल, तर यंत्र त्या अंकांना अरबी अंकांसारखें लेखतें. तेव्हां प्रत्येक अंक स्वतःपुरता सरळ राहतो. पण मधल्या रेघेचा सांधा सुटतो, आणि पहिला अंक उजवीकडे व दुसरा डावीकडे असे ते फारसी ओघांत बसतात. आमच्या यादींत प्रत्येक फारसी कागद त्याच्या आरंभींच्या शब्दांनीं, फारसी लिपींत नोंदलेला होता आणि पुढें इंग्रजी अंकांत रुमाल व कागद यांचे क्रमांक. म्हणून पस्तीस उजवीकडे गेला आणि बारा डावीकडे. यंत्रानें असत्य लिहिलें असें म्हणतां येत नाहीं. फारसी वाचणाऱ्यानें ओळ उजवीकडून वाचली असती तर त्यास आधीं पस्तीसच मिळाले असते. आम्हीं फारसी शब्द फारसी गतीनें वाचले आणि अंक मराठी गतीनें.

याहून विलक्षण गोष्ट पुढें उघडकीस आली. यादीच्या पहिल्या चार पानांवर सर्व क्रमांक बरोबर आहेत. तेथें विद्यार्थ्यानें अंकापूर्वीं ‘रु.’ लिहिलें होतें. त्या एका नागरी अक्षरानें पुढील अंकांना सांभाळलें. पांचव्या पानापासून श्रम वांचविण्यासाठीं ‘रु.’ गाळावें, असें त्यास सांगणारे आम्हीच. अर्थात् सबंध यादी सरसकट उलटी करूनही ती सुधारणार नव्हती. सालांची जोडी उलटली असती तर ती उलटली आहे हें मोठें साल आधीं आल्यावरून कोणासही कळतें. रुमाल व कागद यांच्या क्रमांकांत तसा कांहीं पुरावा नसतो. बाराव्या रुमालांत अठ्ठाविसांऐवजीं चाळीस कागद असते, तर आमच्या स्नेह्यांना पस्तिसावा कागद मिळाला असता, तो भलताच निघाला असता, आणि त्यांचा संशय पक्का झाला असता.

उपाय पुष्कळ आहेत. सर्वांत जुना म्हणजे अंकापूर्वीं एक अदृश्य गतिचिन्ह घालणें. २०१३ सालापासून एखादा तुकडा भोंवतालच्या मजकुरापासून गतीच्या बाबतींत अलग ठेवणारीं चिन्हेंही मिळालीं आहेत. आजूबाजूस कांहींही असलें तरी तुकडा आपल्या गतीनें चालतो. अदृश्य चिन्हांविषयीं मात्र आमचें मन साशंक आहे. २०२१ सालीं केंब्रिज विद्यापीठांतील निकोलस बाउचर व रॉस अँडरसन यांनीं दाखवून दिलें कीं, याच चिन्हांचा उपयोग करून आज्ञावलींत वाचणाऱ्यास एक दिसावें व यंत्रास दुसरेंच कळावें असें कपट करतां येतें. बनावट मोर्तबें ओळखण्यांत ज्यांचे डोळे गेले, त्यांनीं याची नोंद घ्यावी.

आम्हीं स्वतः पत्करलेला उपाय अगदीं साधा आहे. देवनागरी अंकांना युनिकोडानें अंकांच्या वर्गांत न घालतां नागरी अक्षरांप्रमाणेंच डाव्या गतीचे मानलें आहे. फारसी शब्दानंतर आले तरी ते आपला क्रम सोडीत नाहींत. म्हणून आमची सर्व यादी देवनागरी अंकांत पुनः लिहिली आहे, प्रत्येक ठिकाणीं ‘रुमाल’ व ‘कागद’ हे शब्द पूर्ण घातले आहेत, आणि ती छापील प्रतीवरून नव्हे तर मूळ टिपणवहीवरून ताडून पाहिली आहे. ज्यांच्यापाशीं पूर्वींच्या यादीची प्रत असेल त्यांनीं तिचीं पांचव्या पानापासून पुढचीं पानें रद्द समजावीं. ज्यांनीं आपल्या संग्रहाच्या याद्या अशाच मिश्र लिपींत केल्या असतील, त्यांनीं फारसी शब्दालगत जोडीनें आलेले क्रमांक एकवार मूळ बस्त्याशीं ताडून पाहावेत. द्विलिपि लेखांच्या नकला प्रसिद्ध करणारांसही विनंति आहे कीं, नकलेबरोबर मूळ ओळीचें छायाचित्र द्यावें. कारण कोणतें अक्षर कोणाच्या उजवीस बसलें होतें हें केवळ नकलेवरून सांगतां येणें आतां यंत्राच्या नियमांवर अवलंबून राहिलें आहे.

मागील उताऱ्याचा ठाव पुढीलप्रमाणें दुरुस्त करून घ्यावा : रुमाल ३५, कागद १२. आमचे स्नेही गेल्या महिन्यांत पुनः दप्तरखान्यांत जाऊन तो पाहून आले. कागद तेथें आहे. वरची फारसी ओळ वाळवीनें अर्धी खाल्ली आहे, खालची मोडी शाबूत आहे, आणि आम्हीं पाटलाच्या नांवांत वाचलेला ‘ज’ हा बहुधा ‘भ’ असावा, असें त्यांचें मत पडलें आहे. त्याविषयीं त्यांचें टिपण पुढील अंकांत येईल.